‘पर्सनॅलिटी’ला मराठीत काय म्हणावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सदाशिव पेठेत राहून नागरी सेवा परीक्षेची तयारी करता. एका सराव मुलाखतीत स्वतःविषयी बोलताना तुम्ही ‘आय हॅव अ गुड पर्सनॅलिटी’ असे म्हणालात, त्यावर समोर बसलेले दोघे हसले, आणि का हसले हे काही त्यांनी सांगितले नाही. खोलीवर येऊन शब्दकोश उघडला तेव्हा ‘व्यक्तिमत्त्व’, ‘स्वभाव’ आणि ‘नामवंत व्यक्ती’ असे तीन अर्थ समोर आले. आता यांपैकी कोणता अर्थ कोठे लागू करायचा, आणि मराठीत ‘व्यक्तिमत्त्व’ लिहायचे की ‘व्यक्तित्व’, असे तुम्ही विचारले आहे. गेली तीस वर्षे मी पुण्यात इंग्रजी–मराठी भाषांतर करत आणि इंग्रजी शिकवत आले आहे. या एका शब्दाने मला अनेक वेळा अडवले असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी त्या हसण्याविषयी. आपण मराठीत बोलताना जो ‘पर्सनॅलिटी’ शब्द वापरतो आणि इंग्रजीत जो शब्द आहे, ते आता एकच शब्द राहिलेले नाहीत. ‘मुलगा चांगला आहे, नोकरीही बरी आहे, पण पर्सनॅलिटी नाही’ असे लग्नाच्या बैठकीत एखादी मावशी म्हणते, तेव्हा ती मुलाच्या स्वभावाबद्दल अवाक्षरही काढत नसते. तो अंगाने किरकोळ आहे, चारचौघांत उठून दिसत नाही, एवढेच तिला सांगायचे असते. ‘वकिलाला पर्सनॅलिटी लागते’, ‘पोलिसात सहज घेतील, पर्सनॅलिटी आहे’, ‘काय पर्सनॅलिटी आहे माणसाची!’ या सगळ्या वाक्यांत उंची, बांधा, चेहरा, चाल आणि कपडे यांचा मिळून जो ठसा उमटतो, त्याला आपण पर्सनॅलिटी म्हणतो. जुन्या मराठीत यासाठी ‘रुबाब’, ‘छाप’, ‘भारदस्तपणा’ असे शब्द होते आणि अजूनही आहेत.

इंग्रजीत हा अर्थ जवळजवळ नाही. तिकडे ‘पर्सनॅलिटी’ म्हणजे माणसाचा विचार करण्याचा, वाटण्याचा आणि वागण्याचा एकंदर ढंग. त्यात उंचीचा संबंध येत नाही. गंमत अशी की इंग्रजीत एखाद्याचे स्थळ सुचवताना दिसण्याबद्दल विचारले असता ‘शी हॅज अ ग्रेट पर्सनॅलिटी’ असे उत्तर आले, तर ऐकणारा मनात समजतो की दिसायला बेताचीच असणार. तो तिथला जुना विनोदच आहे. म्हणजे मराठीतल्या ‘पर्सनॅलिटी’ने रूपाचे कौतुक होते आणि इंग्रजीतल्या याच शब्दाने रूपाचा विषय हळूच टाळला जातो. तुम्ही मनातल्या मनात मराठी वाक्य बोललात आणि समोरच्यांनी ते इंग्रजी म्हणून ऐकले. शिवाय स्वतःच्या स्वभावाला स्वतःच ‘चांगला’ म्हणणे कोणत्याही भाषेत थोडे हास्यास्पदच ठरते.

मराठीतल्या अर्थाची पर्सनॅलिटी इंग्रजीत सांगायची असेल, तर वेगळे शब्द वापरावे लागतात. नुसत्या उपस्थितीने वजन पडत असेल, तर ‘ही हॅज प्रेझेन्स’. बांधा चांगला असेल, तर ‘वेल बिल्ट’. दिसायला आणि वागायलाही प्रसन्न असेल, तर ‘पर्सनेबल’. हा शेवटचा शब्द त्याच मुळापासून निघालेला आहे आणि आपल्या लग्नाच्या बैठकीतल्या अर्थाच्या सर्वांत जवळचाही आहे, पण तो आपल्याकडे फारसा रुळला नाही.

तुमच्या बाबतीत हा फरक नुसता भाषेचा नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीचे अधिकृत नावच ‘पर्सनॅलिटी टेस्ट’ आहे. मुख्य परीक्षेचे लेखी गुण १७५० आणि या चाचणीचे २७५. आयोगाच्या अधिसूचनेत या चाचणीत काय पाहिले जाते तेही दिलेले असते: मनाची तत्परता, ग्रहणशक्ती, स्पष्ट आणि तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातला समतोल, आवडीनिवडींची विविधता आणि खोली, लोकांना एकत्र आणण्याची आणि नेतृत्व करण्याची क्षमता, बौद्धिक व नैतिक प्रामाणिकपणा. या यादीत दिसण्याचा उल्लेख नाही. तरीही शास्त्री रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर मी जे संवाद ऐकते, त्यांत कोट कोणत्या रंगाचा घ्यावा, मिशी ठेवावी की काढावी, याचीच चर्चा अधिक असते. नीटनेटके जावे, हे खरेच. पण अधिसूचनेतला शब्द इंग्रजी अर्थाचा आहे, टपरीवरचा मराठी अर्थाचा, आणि या घोळात कित्येकांची तयारी भलत्याच बाजूला होते.

आता शब्दाच्या मुळाकडे वळते, कारण मराठी प्रतिशब्दाची अडचण तिथेच आहे. लॅटिन भाषेत ‘पर्सोना’ म्हणजे नाटकातल्या नटाने चेहऱ्यावर चढवलेला मुखवटा. त्यावरून नाटकातले पात्र, मग समाजातली किंवा न्यायालयातली माणसाची भूमिका, मग खुद्द माणूस, असा अर्थ सरकत गेला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचे भाववाचक नाम तयार झाले आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत आले, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की ‘वस्तू नसून व्यक्ती असणे’. एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे करणारा स्वभावविशेष हा आजचा अर्थ अठराव्या शतकात स्थिरावला आणि ‘प्रसिद्ध माणूस’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकात आला.

आपल्या ‘व्यक्ती’चा प्रवास उलट दिशेने झाला आहे. संस्कृतात ‘व्यक्ति’ म्हणजे प्रकट होणे, दिसू लागणे. गीतेच्या सातव्या अध्यायात ‘अव्यक्तं व्यक्तिमापन्नं मन्यन्ते मामबुद्धयः’ असे म्हटले आहे, तिथे ‘व्यक्ति’चा अर्थ माणूस असा नाही, तर प्रकट रूप असा आहे. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, ‘जाती’च्या विरुद्ध ‘व्यक्ती’, म्हणजे गोत्व (गाईपणा) ही जाती आणि समोर उभी असलेली ही एक गाय ही व्यक्ती. तिथून ‘एक सुटा माणूस’ या अर्थापर्यंत शब्द आला. एका भाषेने माणसासाठी चेहरा झाकणाऱ्या वस्तूचे नाव घेतले, दुसरीने आतले बाहेर दिसण्याच्या क्रियेचे. मात्र यावरून पश्चिम आणि पूर्व अशी मोठमोठी विधाने करण्याचा मोह आवरावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते; मुखवट्याचा अर्थ आपल्याकडेही एकच नाही. ‘त्याचा मुखवटा गळून पडला’ म्हणताना मुखवटा म्हणजे ढोंग, पण भाद्रपदात घरोघरी गौरींचे मुखवटे बसवले जातात तेव्हा त्या मुखवट्यानेच देवता घरात येते. रोमन नटाचा मुखवटाही बहुधा या दुसऱ्या जातीचा असावा: त्याने पात्र लपत नसे, दिसू लागे.

‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्द ‘व्यक्तिमत्’ला ‘त्व’ लागून झाला आहे, म्हणून त्यात दोन ‘त’ लागतात. ‘महत्’चे महत्त्व, ‘सत्’चे सत्त्व, ‘तत्’चे तत्त्व, तसेच हे. एक ‘त’ खाऊन लिहिलेले ‘व्यक्तिमत्व’ पुण्यात दुकानाच्या पाटीपासून शिबिराच्या पत्रकापर्यंत सर्वत्र दिसते आणि ते चूक आहे. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत शुद्धलेखनासाठी हा लाडका शब्द असतो, तेव्हा लक्षात ठेवा. पहिला ‘क्ति’ मात्र ऱ्हस्वच, कारण सामासिक व साधित शब्दांत मूळ संस्कृत रूप टिकते. सुटा शब्द लिहिताना ‘व्यक्ती’ दीर्घ. ‘व्यक्तित्व’ हाही बरोबर घडवलेला शब्द आहे, पण तो हिंदीचा नेहमीचा शब्द. मराठीत त्याला थोडी वेगळी जागा देता येते, ती पुढे कायद्याच्या संदर्भात सांगते. आणखी एक बारीक गोष्ट: मराठीत ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी आहे, मग ती पुरुष का असेना. हिंदीतून आलेले ‘तो व्यक्ती’ अलीकडे बातम्यांतही ऐकू येते आणि प्रत्येक वेळी मला ठेच लागते.

वापराचे म्हणाल, तर माझा नियम साधा आहे. इंग्रजी वाक्यात ‘पर्सनॅलिटी’ दिसली की लगेच ‘व्यक्तिमत्त्व’ लिहायचे नाही. हेच वाक्य घरात कोणी मराठीत कसे म्हणाले असते, ते आधी ऐकायचे. ‘शी हॅज अ चिअरफुल पर्सनॅलिटी’ याचे ‘तिचे व्यक्तिमत्त्व आनंदी आहे’ असे भाषांतर व्याकरणात बसते, पण असे कोणी बोलत नाही. ‘ती आनंदी स्वभावाची आहे’ किंवा नुसते ‘ती हसतमुख आहे’ हे मराठी. दहापैकी सात वेळा ‘स्वभाव’ पुरतो. आपल्या म्हणीही स्वभावाच्याच आहेत. ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीत ‘व्यक्तिमत्त्व’ घालून पाहा, म्हण जागच्या जागी मरते. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ या म्हणीत तर मानसशास्त्राचा अर्धा विषय येतो.

एकदा एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा अर्ज मी मराठीत करत होते. त्यात दोन सहकाऱ्यांमधल्या ‘पर्सनॅलिटी क्लॅश’चा रकाना होता आणि मी मोठ्या कष्टाने ‘व्यक्तिमत्त्वांमधील संघर्ष’ असे लिहिले. तो अर्ज तपासणाऱ्या कारकुनाने पेन्सिलीने शेजारी लिहिले, ‘म्हणजे पटत नाही?’ त्याचेच बरोबर होते. दोघांचे पटत नाही, दोघांचे सूर जुळत नाहीत, एवढेच त्या शब्दात असते. कोणाचाच दोष नसून दोन स्वभावांचा मेळ बसत नाही, ही छटाही ‘पटत नाही’मध्ये आपोआप येते.

विशेषण न लावता ‘ही हॅज पर्सनॅलिटी’ असे म्हटले, तर इंग्रजीत त्याचा अर्थ होतो की माणसात जान आहे, काहीतरी वेगळे आहे, तो लक्षात राहतो. हे घरांना, उपाहारगृहांना, शहरांनाही लावतात. पुण्याबद्दल कोणी इंग्रजीत असे लिहिले तर मी ‘पुण्याला स्वतःचा स्वभाव आहे’ असे करीन, आणि पाट्या वाचलेल्या कोणालाही ते पटेल.

‘प्रसिद्ध माणूस’ या अर्थाने ‘अ टेलिव्हिजन पर्सनॅलिटी’ म्हणतात. त्याला ‘दूरचित्रवाणीवरचा ओळखीचा चेहरा’ किंवा नुसते ‘नामवंत’ म्हणावे. जुना शब्द हवा असेल तर ‘असामी’ आहे, फारसीच्या वाटेने आलेला: बडी असामी. विक्षिप्तपणाची गोडी असलेल्या माणसाला इंग्रजीत ‘ही इज क्वाइट अ कॅरेक्टर’ म्हणतात, त्यासाठी आपल्याकडे ‘वल्ली’ आहे. मात्र या अर्थाच्या मागे लागून मराठीत एक वेगळेच प्रकरण वाढले आहे. चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘उमदे व्यक्तिमत्त्व’, श्रद्धांजलीत ‘दिलखुलास व्यक्तिमत्त्व हरपले’, सत्कारात ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’. मुळात व्यक्तिमत्त्व हे माणसाजवळ असते, माणूस म्हणजे व्यक्तिमत्त्व नव्हे. इंग्रजीनेही हीच उडी मारली आहे, म्हणून मी हा वापर सरसकट चूक म्हणणार नाही. पण तो इतका झिजला आहे की त्यातून गेलेल्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. ‘हरहुन्नरी माणूस’ किंवा ‘मोकळ्या मनाचा गृहस्थ’ यातून निदान काही दिसते.

राजकारणात ‘पर्सनॅलिटी कल्ट’ येतो. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी फेब्रुवारी १९५६मध्ये आपले पूर्वसुरी स्टालिन यांच्यावर केलेल्या टीकेनंतर हा शब्द जगभर रुळला. त्याला ‘व्यक्तिपूजा’ किंवा अधिक बोचरे ‘व्यक्तिस्तोम’ हे पक्के मराठी शब्द आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेल्या इशाऱ्यासाठी ‘विभूतिपूजा’ हा शब्द मराठीत वापरला जातो: धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे ते म्हणाले होते. याउलट वादविवादात ‘लेट अस अव्हॉइड पर्सनॅलिटीज’ असे आले, तर त्याचा व्यक्तिमत्त्वाशी काहीही संबंध नाही. तिथे अनेकवचनात हा शब्द ‘वैयक्तिक शेरेबाजी’ या अर्थाने येतो. आपण म्हणतो, ‘पर्सनलवर जाऊ नका’.

‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्द खऱ्या अर्थाने हक्काने बसतो तो मानसशास्त्रात. १९३६मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजीचा एक मोठा शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे १७,९५३ शब्द वेगळे काढले आणि त्यांतले साधारण साडेचार हजार टिकाऊ गुणविशेष सांगणारे आहेत असे ठरवले. माणसांच्या स्वभावातले महत्त्वाचे फरक भाषेने कधी ना कधी शब्दांत पकडलेलेच असतात, असा यामागचा विचार होता. पुढच्या संशोधकांनी संख्याशास्त्र वापरून असे शब्द एकत्र बांधत नेले आणि पाच मोठे गट उरले: नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मिळतेजुळते घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. या पाचांपैकी प्रत्येक गुण कमीअधिक प्रमाणात प्रत्येकात असतो. माणसे पाच प्रकारची असतात, असा त्याचा अर्थ नाही. कार्यशाळांत मात्र नेमके तसेच सांगितले जाते.

इथे भाषांतराचा एक सापळा आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१मध्ये मांडलेल्या ‘इंट्रोव्हर्ट’ला आपण ‘अंतर्मुख’ म्हणतो. पण मराठीत ‘तो अंतर्मुख झाला’ म्हणजे तो स्वतःच्या वागण्याचा विचार करू लागला; ती एक अवस्था आहे आणि बडबड्या माणसालाही ती येते. शास्त्रीय लेखनात ‘अंतर्मुख’ आता सुटणार नाही, पण साध्या वाक्यात ‘अबोल’, ‘एकटे राहणे आवडणारा’ असे लिहिलेले बरे. ‘घुमा’ किंवा ‘माणूसघाणा’ मात्र नको, त्यात निंदा आहे.

‘स्प्लिट पर्सनॅलिटी’बाबत तर अधिक काळजी हवी. ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ असे लिहून स्किझोफ्रेनियाचा अर्थ सांगण्याची सवय आपल्या वर्तमानपत्रांना आहे, आणि ती चुकीची आहे. स्किझोफ्रेनियात भास आणि भ्रम होतात, विचारांची सांगड सुटते. एका शरीरात दोन माणसे राहत नाहीत. एकाहून अधिक ओळखी आलटून पालटून पुढे येण्याचा जो वेगळा आणि विरळा विकार आहे, त्याच्या इंग्रजी नावातून ‘पर्सनॅलिटी’ हा शब्द अमेरिकी मनोविकार संघटनेने १९९४मध्येच काढून टाकला. ‘व्यक्तिमत्त्व विकार’ ही आणखी तिसरी गोष्ट: माणसाच्या विचारांची आणि वागण्याची चाकोरी इतकी ताठर असणे की त्याचा त्याला स्वतःला किंवा इतरांना सतत त्रास व्हावा. ते निदान डॉक्टरांचे आहे. शेजाऱ्याला चिकटवण्याचे लेबल नव्हे.

कायद्यात शब्द पुन्हा आपल्या सर्वांत जुन्या अर्थाकडे जातो. ‘लीगल पर्सनॅलिटी’ म्हणजे हक्क आणि कर्तव्ये धारण करण्याची पात्रता. ती कंपनीला असते, हिंदू कायद्यात देवळातल्या मूर्तीलाही असते. २०१७मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना असा दर्जा दिला होता, त्याला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्या वेळी ‘गंगेला व्यक्तिमत्त्व बहाल’ असे लिहिणे मजेशीर झाले असते. ‘कायदेशीर व्यक्तीचा दर्जा’ हे सरळ, आणि एकच शब्द हवा असेल तर इथे ‘व्यक्तित्व’ शोभतो. याउलट ‘पर्सनॅलिटी राइट्स’ म्हणजे स्वतःचे नाव, आवाज, छायाचित्र यांचा दुसऱ्याने धंद्यासाठी वापर करू नये हा हक्क. अमिताभ बच्चन यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२मध्ये आणि अरिजित सिंह यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये असे आदेश दिले. इथे स्वभावाचा प्रश्नच नाही, त्यामुळे ‘व्यक्तिमत्त्व हक्क’ हा रूढ होत चाललेला शब्द मला अपुरा वाटतो, पण दुसरा सुटसुटीत शब्द मलाही अजून सुचलेला नाही. आणि एक अक्षर कमी असलेला ‘पर्सनल्टी’ हा शब्द कायद्यात अगदी वेगळा आहे, त्याचा अर्थ जंगम मालमत्ता. एका मृत्युपत्राच्या भाषांतरात ‘माझी स्थावर मिळकत आणि व्यक्तिमत्त्व धाकट्या मुलास’ असे लिहिलेले मी स्वतः दुरुस्त केले आहे.

शेजारच्या शब्दांपैकी ‘कॅरेक्टर’शी गल्लत सर्वाधिक होते. त्यात नैतिक मापन असते, म्हणून ते शील किंवा चारित्र्य; गोड स्वभावाचा माणूस शीलाने कच्चा असू शकतो. मात्र ‘चारित्र्य’ मराठीत, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, एकाच गोष्टीपुरते आकसले आहे, म्हणून मी बहुतेक वेळा ‘सचोटी’ लिहिते. ‘टेम्परमेंट’ म्हणजे जन्मजात घडण. त्याला ‘पिंड’ हा फार चांगला शब्द आपल्याकडे आहे.

आता पुढच्या मुलाखतीत ‘हाउ वुड यू डिस्क्राइब युअर पर्सनॅलिटी’ असे विचारले गेले तर काय करायचे? ‘गुड’, ‘नाइस’, ‘डायनॅमिक’ ही विशेषणे टाळा. एक गुण निवडा आणि तो दिसलेला प्रसंग जोडा: ‘आय टेन्ड टु लिसन बिफोर आय स्पीक’, आणि मग गावातल्या किंवा अभ्यासिकेतल्या एखाद्या भांडणात तुम्ही काय केलेत ते दोन वाक्यांत. मुलाखत मराठीतून द्यायचे ठरवले असेल, तर ‘माझे व्यक्तिमत्त्व’ अशी सुरुवात न करता ‘माझा स्वभाव’ म्हणा. राहिला उच्चार. शब्दात पाच अक्षरे आहेत आणि जोर तिसऱ्यावर, म्हणजे ‘नॅ’वर येतो. आपण पहिल्या ‘पर्’वर जोर देतो आणि शेवट गिळतो, त्यामुळे समोरच्याला तो शब्द ‘पर्सनल्टी’ असा ऐकू येतो.